कारणाची नोंद : सॉफ्टवेअर डेव्हलपरच्या तांत्रिक लेखनाविषयी एक संवाद

शंकाकार : सॉफ्टवेअर डेव्हलपरने आपले तांत्रिक लेखन सुधारावे, असा आग्रह सर्वत्र धरला जातो, पण त्यामागचे गृहीतक क्वचितच तपासले जाते. एखादी प्रणाली काय करते, ती कशी वापरावी, बिघडल्यास काय करावे आणि ती तशीच का घडवली, हे दुसऱ्याला कळावे म्हणून केलेले लेखन म्हणजे तांत्रिक लेखन, अशी व्याख्या मान्य केली, तरी एक अडचण लगेच उभी राहते. प्रणाली प्रत्यक्षात काय करते याचा अंतिम पुरावा कोडच असतो, कारण यंत्र कोड चालवते, कोडविषयीचा दस्तऐवज चालवत नाही. कोड बदलतो तेव्हा दस्तऐवज आपोआप बदलत नाही. काही महिन्यांत दोघांत अंतर पडते आणि विश्वासाने वाचणाऱ्याची दिशाभूल होते. नसलेल्या दस्तऐवजावर कोणी विसंबत नाही, पण जुना झालेला दस्तऐवज खरा वाटतो, म्हणून तो अधिक घातक. २००१ मध्ये सतरा जाणकारांनी प्रसिद्ध केलेल्या ‘अजाईल’ जाहीरनाम्यात सर्वंकष दस्तऐवजांपेक्षा चालणाऱ्या सॉफ्टवेअरला अधिक मोल दिले गेले, त्याच्या मुळाशी हाच अनुभव होता. तेव्हा डेव्हलपरने आपली शक्ती नेमकी नावे देण्यात, फंक्शने म्हणजे एकेक काम करणारे कोडचे भाग आटोपशीर ठेवण्यात आणि टेस्ट म्हणजे कोडचे वर्तन यंत्राकडूनच तपासून घेणाऱ्या चाचण्या लिहिण्यात खर्च करावी. चांगला कोड स्वतःच बोलतो. त्याच्यासाठी वेगळा प्रवक्ता कशाला?

समर्थक : त्या जाहीरनाम्याने दस्तऐवजांचे मोल नाकारलेले नाही, प्राधान्य तेवढे ठरवले आहे, परंतु तो मुद्दा बाजूला ठेवला तरी ‘कोड स्वतःच बोलतो’ या विधानाची मर्यादा एका कल्पित उदाहरणाने दाखवता येते. महाबळेश्वरला उगम पावणारी सावित्री पोलादपूरवरून महाडला येते आणि पुढे तिची खाडी होते. महाड तालुक्याच्या खाडीपट्ट्यात तुडीलसारखी गावे आहेत. अतिवृष्टीच्या वेळी समुद्राला भरती असेल तर नदीचे पाणी खाली उतरत नाही, ते मागे तुंबते, आणि वर तेवढाच पाऊस पडूनही एके दिवशी महाडच्या बाजारपेठेत पाणी शिरते व दुसऱ्या दिवशी शिरत नाही. या पट्ट्यातील गावांना मोबाइलवर पुराचा इशारा देणारी एक प्रणाली कुणी लिहिली आहे, असे समजू. तिच्या कोडमध्ये एक अट आहे : पातळी मोजणाऱ्या यंत्राकडून नवे माप आले नाही, तर शेवटचे माप तीस मिनिटे ग्राह्य धरावे आणि त्यानंतर इशारा द्यावा. अट कोडमध्ये स्वच्छ दिसते, टेस्ट ती बरोबर तपासते. पण तीसच मिनिटे का? पाणी चढण्याच्या वेगाचा काही हिशेब त्यामागे आहे, टॉवरच्या बॅटरीचा प्रश्न आहे, की सहज सुचलेला तो आकडा आहे? दोन वर्षांनी नवा डेव्हलपर येतो, खोटे इशारे फार जातात अशी तक्रार त्याच्यासमोर असते, आणि तो तीसचे एकशेवीस करतो. कोड तितकाच स्वच्छ राहतो, टेस्टही नव्या आकड्यानुसार बदलली जाते. २२ जुलै २०२१ च्या महापुरासारख्या रात्री दीड तासाचा हा फरक किती मोठा ठरेल, हे महाडकरांना सांगावे लागत नाही. कोड कृती सांगतो. त्या कृतीमागचे कारण आणि ती कोणत्या परिस्थितीत योग्य आहे याची मर्यादा तो सांगू शकत नाही.

शंकाकार : उदाहरण कल्पित असल्यामुळे ते हवे तसे बेतता येते. प्रत्यक्षात घडलेल्या अपघातांकडे पाहिले, तर लेखनाचा अभाव हेच कारण होते असे सहसा आढळत नाही. अमेरिकेचे ‘मार्स क्लायमेट ऑर्बिटर’ हे यान २३ सप्टेंबर १९९९ रोजी मंगळापाशी नष्ट झाले, कारण पृथ्वीवरील एका संगणकीय प्रणालीने यानाला मिळालेल्या आवेगाची आकडेवारी ब्रिटिश एककांत, म्हणजे पौंड-सेकंदांत दिली आणि ती वाचणाऱ्या प्रणालीने ती न्यूटन-सेकंदांत आहे असे मानले. या दोन्हींत सुमारे साडेचार पटींचा फरक असतो. दोन प्रणालींमधील देवाणघेवाण कशी व्हावी हे ठरवणाऱ्या दस्तऐवजात मेट्रिक एकके स्पष्ट लिहिलेली होती. लिहिले होते, पण पाळले गेले नाही. मग लेखन आणखी सुंदर करून काय साधले असते? तेथे उणीव तपासणीची होती. दोन्ही प्रणाली एकत्र चालवून केलेल्या एका काटेकोर चाचणीने जे काम केले असते, ते उत्तम भाषेतील शंभर पानांनी केले नसते.

समर्थक : तपासणीला लेखन पर्याय आहे, असा दावा येथे नाही. पण शंकाकारांनी एक अपघात पुढे केला आहे, तर दुसऱ्याचाही विचार व्हावा. ४ जून १९९६ रोजी युरोपचा ‘एरियान ५’ हा नवा अग्निबाण उड्डाणानंतर सुमारे चाळीस सेकंदांत फुटला. त्याची दिशा सांभाळणारे सॉफ्टवेअर आधीच्या ‘एरियान ४’ वरून जसेच्या तसे घेतले होते. त्यात एक मोठी, अपूर्णांकासह साठवलेली संख्या सोळा बिटांच्या लहान जागेत बसवली जाई. नव्या बाणाचा आडवा वेग जुन्यापेक्षा जास्त असल्यामुळे ती संख्या त्या जागेत मावली नाही आणि मुख्य व पर्यायी अशी दोन्ही यंत्रे बंद पडली. लक्षात घेण्यासारखी गोष्ट पुढे आहे. अशा सात संख्यांपैकी चार संख्यांना कोडमध्ये संरक्षण दिलेले होते आणि तीन संख्या जाणूनबुजून तशाच ठेवल्या होत्या, कारण संगणकावरचा भार मर्यादेत राखायचा होता आणि या तीन संख्या फार मोठ्या होणार नाहीत असे मानले गेले होते. जुन्या बाणासाठी हा निर्णय विचारपूर्वक घेतलेला होता. परंतु त्या निर्णयाचे समर्थन खुद्द कोडमध्ये कोठेही नोंदवलेले नव्हते, असे चौकशी मंडळाला आढळले. कोड शुद्ध होता, अनेक उड्डाणांत पारखलेला होता. केवळ तो ज्या अटीवर शुद्ध होता, ती अट त्याच्यासोबत प्रवास करू शकली नाही.

शंकाकार : त्या चौकशी मंडळाच्या अहवालातील पुढचे निरीक्षण मात्र समर्थकांच्या बाजूचे नाही. तो निर्णय कागदोपत्री होता, संबंधितांनी तो मान्यही केला होता. पण अशा उद्योगात दस्तऐवजांचा ढीग एवढा मोठा असतो की ते गृहीतक बाहेरच्या परीक्षकांच्या नजरेआड गेले, आणि ते कुणी मुद्दाम दडवलेले नव्हते. म्हणजे येथे लेखनाची वाण नव्हती, लेखन अतोनात होते. ‘डेव्हलपरने अधिक लिहावे’ या उपदेशाने हा ढीग वाढणार आहे, आणि जितका ढीग मोठा तितके त्यातील कामाचे वाक्य सापडणे अवघड. मग लेखनसुधारणेचा आग्रह रोगाचेच कारण ठरण्याचा संभव आहे.

समर्थक : हा आक्षेप मोलाचा आहे, कारण त्यामुळे प्रश्न नेमका होतो. किती लिहावे यापेक्षा कोणते वाक्य कोणासाठी आणि कोठे ठेवावे, हे ठरवण्याची क्षमता म्हणजे तांत्रिक लेखनाचे कौशल्य. या क्षमतेचा एक उत्तम नमुना महाड ज्या रायगड जिल्ह्यात आहे, त्याच जिल्ह्याच्या किनाऱ्यावर सापडतो. मुरूडजवळच्या नांदगावचे गणेश दैवज्ञ यांनी शके १४४२ मध्ये, म्हणजे १५२० च्या सुमारास ‘ग्रहलाघव’ हा ग्रंथ रचला. ग्रहांची स्थाने काढण्याच्या रीती त्यात आहेत. आजच्या भाषेत त्यांना अल्गोरिदम, म्हणजे पायरी-पायरीने उत्तराकडे नेणाऱ्या क्रिया म्हणता येईल. पंचांग करणाऱ्याला हाताने गणित करावे लागे. त्याचे श्रम कमी व्हावेत म्हणून गणेश दैवज्ञांनी ज्या, म्हणजे आजच्या त्रिकोणमितीतील साइन, न वापरता चालतील अशा रीती बसवल्या आणि अकरा वर्षांचे म्हणजे ४०१६ दिवसांचे चक्र धरून मोठ्या दिवससंख्या हाताळण्याचा त्रास वाचवला. ग्रंथ आटोपशीर आहे, कारण त्याचा वाचक ठरलेला आहे : ज्याला आज गणित पुरे करायचे आहे असा माणूस. पुढे सतराव्या शतकाच्या आरंभी त्याच ग्रंथावर दोन सख्ख्या भावांनी दोन वेगळ्या टीका लिहिल्या. मल्लारी यांनी प्रत्येक रीतीची उपपत्ती, म्हणजे ती रीत बरोबर का आहे याचे कारण दिले. विश्वनाथ यांनी प्रत्यक्ष आकडे घेऊन उदाहरणे सोडवून दाखवली. कृती, कारण आणि उदाहरण ही तीन कामे तीन ठिकाणी गेली, म्हणून एकाही ठिकाणी गर्दी झाली नाही.

हाच भेद आधुनिक काळात डॅनिएले प्रोचिदा यांनी ‘डायाटॅक्सिस’ या नावाच्या मांडणीत केला आहे. नवख्याला हात धरून शिकवणारा पाठ, ठरावीक काम पार पाडण्याची कृती, नेमकी माहिती शोधण्याचा संदर्भ आणि कारणे उलगडणारे विवेचन, असे दस्तऐवजांचे चार प्रकार ते मानतात आणि एकाच पानावर चारही कालवू नयेत असा त्यांचा आग्रह आहे. मध्यरात्री बंद पडलेली प्रणाली सुरू करू पाहणाऱ्याला कृती हवी असते. तिच्या मधोमध रचनेचा इतिहास आला, तर तो खरा असूनही अडथळा ठरतो. एरियानच्या कागदांच्या ढिगात कारण हरवले, ते ज्या ओळीला लागू होते त्या ओळीपाशी ते ठेवले गेले नाही म्हणून. तीन असंरक्षित संख्यांशेजारी दोन वाक्यांची टिप्पणी ढिगात भर घालत नाही, ती ढीग उपसण्याची गरज कमी करते.

शंकाकार : ‘ग्रहलाघवा’चा दाखला पुढे आला हे बरे झाले, कारण तो दुधारी आहे. त्या दोन टीकाकारांचे पिता दिवाकर हे खुद्द गणेश दैवज्ञांचे शिष्य होते. म्हणजे मल्लारी आणि विश्वनाथ यांना जी कारणे आणि जी उदाहरणे सुचली, ती केवळ ग्रंथ वाचून सुचली असे मानता येत नाही. गुरूकडून शिष्याला आणि पित्याकडून पुत्रांना मिळालेली जिवंत समज त्यामागे होती. पीटर नाउर या डॅनिश संगणकशास्त्रज्ञाने १९८५ मध्ये हाच विचार सिद्धान्त म्हणून मांडला. प्रोग्रॅम लिहिणे म्हणजे कोड तयार करणे नव्हे. बाहेरचे जग आणि प्रोग्रॅम यांचे नाते कसे आहे याची एक समज, नाउरच्या शब्दांत एक ‘थिअरी’, लिहिणाऱ्यांच्या मनात घडवणे होय, आणि ती समज कागदावर पूर्णपणे उतरवता येत नाही. त्यांनी दिलेल्या उदाहरणात एका गटाने कंपायलर, म्हणजे मानवाला वाचता येणारा कोड यंत्राच्या भाषेत नेणारा प्रोग्रॅम, तयार केला होता. दुसऱ्या गटाला तो वाढवायचा होता. त्याला टिप्पण्यांसह पूर्ण कोड मिळाला, रचनेच्या चर्चेचे दस्तऐवज मिळाले. तरीही त्या गटाने सुचवलेल्या वाढी मूळ रचनेतच उपलब्ध असलेल्या सोयी न ओळखता केलेली ठिगळे होती, आणि ही गोष्ट पहिल्या गटाच्या तात्काळ लक्षात आली. दस्तऐवज भरपूर होते. समज मात्र त्यांच्यातून पोहोचली नाही. तेव्हा डेव्हलपरने लेखन सुधारण्याऐवजी नव्या माणसाला शेजारी बसवून त्याच्याबरोबर काम करावे, हेच अधिक फलदायी नाही काय?

समर्थक : समज पूर्णपणे कागदावर उतरत नाही, हे नाउर यांचे म्हणणे मान्य केलेच पाहिजे, परंतु पूर्णपणे उतरत नाही यावरून मुळीच उतरत नाही असे सिद्ध होत नाही. भास्कराचार्यांनी ‘सिद्धान्तशिरोमणी’ रचला, तेव्हा त्यातील सूत्रांची कारणे सांगणारे ‘वासनाभाष्य’ही स्वतःच लिहिले. आणि ज्या गणेश दैवज्ञांनी स्वतःचा ग्रंथ कृतीपुरता ठेवला, त्यांनीच भास्कराचार्यांच्या ११५० च्या ‘लीलावती’वर १५४५ मध्ये ‘बुद्धिविलासिनी’ टीका लिहून तेथील रीतींच्या उपपत्ती दिल्या. या दोघांत जवळजवळ चारशे वर्षांचे अंतर होते; शेजारी बसून शिकण्याचा प्रश्नच नव्हता. तेथे जे पोहोचले, त्यातील मोठा भाग लेखनातूनच पोहोचला.

शिवाय शेजारी बसवण्याचा उपाय ज्या परिस्थितीवर उभा आहे, ती आज किती उरली आहे? महाड-पोलादपूरकडचा तरुण लोणेऱ्याच्या डॉ. बाबासाहेब आंबेडकर तंत्रशास्त्र विद्यापीठात शिकतो, पुण्यात नोकरीला लागतो, काही वर्षांनी दुसऱ्या कंपनीत जातो, एखादा आखातात जातो. त्याने लिहिलेल्या कोडचा पुढचा वाचक त्याला कधी भेटतच नाही. एका गटाचे चार जण चार शहरांतून काम करतात. अशा वेळी न लिहिलेली समज माणसाबरोबर निघून जाते. नाउर यांच्या मताचा खरा उपयोग असा की, लेखनाकडून काय अपेक्षा ठेवावी हे त्यातून कळते : समज जशीच्या तशी हस्तांतरित करणे लेखनाला जमणार नाही, पण नव्या माणसाने कोणते प्रश्न विचारावेत हे ते दाखवू शकते. ‘तीस मिनिटे, हा अंदाज भरतीच्या वेळी पाणी चढण्याच्या वेगावरून केला आहे, तो वाढवण्यापूर्वी त्या वेगाची नोंद पाहावी’ एवढे वाक्य कुणाला जलशास्त्रज्ञ बनवत नाही, पण बेसावधपणे आकडा बदलण्यापासून परावृत्त करते.

शंकाकार : हे मान्य केले, तरी ‘कौशल्य सुधारावे’ या उपदेशाचा प्रत्यक्ष अर्थ काय, हे अद्याप सांगितले गेलेले नाही. व्याकरण सुधारावे, वाक्ये लहान करावीत, कर्मणी प्रयोग टाळावा, अशा सूचनांनी पुस्तके भरलेली असतात. त्या पाळूनही पोकळ लेखन करता येते. आणि आता तर भाषाप्रारूपांवर चालणारी साधने कोणत्याही कोडवर क्षणात सुबक परिच्छेद तयार करून देतात. भाषेची सफाई अशी फुकट मिळू लागल्यावर डेव्हलपरने तिच्यासाठी कष्ट का करावेत?

समर्थक : सफाईसाठी कष्ट करू नयेत, हे योग्यच आहे. कष्ट विचारासाठी करावे लागतात, आणि लेखन हे विचाराची तपासणी करण्याचे साधन आहे. २०११ मध्ये मायकेल नायगार्ड यांनी सुचवलेली निर्णयनोंदीची पद्धत याचा नमुना आहे. रचनेविषयीचा एखादा महत्त्वाचा निर्णय घेताना परिस्थिती काय होती, निर्णय काय झाला आणि त्याचे चांगले-वाईट परिणाम कोणते, हे एकदोन पानांत लिहून ते कोडसोबतच ठेवायचे. ही नोंद लिहू लागताच ‘परिणाम’ या शीर्षकाखाली लेखणी अडते, आणि ज्या बाजूचा विचारच झालेला नाही ती उघडी पडते. भाषाप्रारूपाचे साधन कोड वाचून त्यातील क्रिया सांगू शकते. जे कारण कोडमध्ये नाही, ते त्याला कळण्याचा मार्ग नाही, आणि ते सांगू लागले तर तो अंदाज असतो. सुबक भाषेतला चुकीचा अंदाज ओबडधोबड भाषेतल्या खऱ्या कारणापेक्षा अधिक धोक्याचा.

सरावाचे मार्गही ठोस आहेत. प्रणाली उभी करण्याच्या पायऱ्या लिहून झाल्यावर त्या अशा माणसाकडून, अशा कोऱ्या संगणकावर करवून घ्याव्यात, ज्याने ती प्रणाली पूर्वी पाहिलेली नाही, आणि तो जेथे थांबेल तेथे तोंडी उत्तर न देता लेखन दुरुस्त करावे. कमिट मेसेज, म्हणजे कोडमधील प्रत्येक बदलासोबत नोंदवले जाणारे टिपण, लिहिताना बदल कोणता हे सांगण्यात शब्द घालवू नयेत, कारण तो शेजारीच दिसतो. आधी काय चुकत होते आणि दुसरे उपाय का सोडले, हे लिहावे. एरर मेसेज, म्हणजे बिघाडाच्या वेळी पडद्यावर येणारी सूचना, हेही तांत्रिक लेखनच आहे आणि बहुतेक वापरणारे डेव्हलपरचे तेवढेच लेखन वाचतात. ‘अवैध माहिती’ यापेक्षा ‘पातळी मीटरमध्ये अपेक्षित होती, आलेली संख्या ६५० आहे, ती सेंटिमीटरमध्ये असावी’ हे वाक्य चूक आणि उपाय दोन्ही सांगते. प्रत्येक मापाजवळ त्याचे एकक आणि ते कोणत्या शून्यापासून मोजले हे लिहावे. नदीपात्रातील मोजपट्टीचा शून्य आणि समुद्रसपाटीचा शून्य एक नसतो. इंटरनेटच्या मानकांत १९९७ च्या ‘आरएफसी २११९’ या दस्तऐवजाने सक्तीचे, शक्यतो पाळावयाचे आणि ऐच्छिक असे नियमांचे स्तर ठरवून दिले. तसे स्तर आपल्या लेखनात स्पष्ट ठेवण्याची सवयही अशीच लावून घेता येते.

शंकाकार : या सूचना उपयुक्त आहेत, पण त्यांत एक सामाजिक प्रश्न दडला आहे, आणि तो टाळून चालणार नाही. हे सारे लेखन व्यवहारात इंग्रजीत होते. मराठी माध्यमातून शिकून आलेल्या डेव्हलपरला कोड उत्तम येतो, कारणही नेमके ठाऊक असते. पण ते इंग्रजीत मांडताना तो अडखळतो, आणि कोड रिव्ह्यूमध्ये, म्हणजे सहकाऱ्यांनी कोड तपासण्याच्या वेळी, त्याचे अडखळणेच अज्ञान समजले जाते. लेखनकौशल्य हा निकष ठरला, तर ज्यांच्या घरात इंग्रजी आधीपासून आहे त्यांनाच त्याचा लाभ होईल. अभियांत्रिकीचे शिक्षण मराठीसह प्रादेशिक भाषांत देण्यास अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेने २०२१ मध्ये परवानगी दिली; त्या वाटेने येणाऱ्या विद्यार्थ्यांवर हा निकष अधिकच जाचक होईल.

समर्थक : हा आक्षेप सर्वांत गंभीर आहे आणि त्याचे समाधानकारक उत्तर एका माणसाच्या हातात नाही. तरी दोन गोष्टी निश्चित सांगता येतात. पहिली ही की, आतापर्यंत ज्या गुणांची चर्चा झाली, म्हणजे कारण नोंदवणे, मर्यादा सांगणे, एकके लिहिणे, वाचक ओळखणे, त्यांपैकी एकही इंग्रजीच्या प्रभुत्वावर अवलंबून नाही. गणेश दैवज्ञांच्या काळी शास्त्राची भाषा संस्कृत होती आणि ती त्यांनाही शिकावी लागली. तिच्यात अलंकार साधणे सोडून त्यांनी पंचांगकर्त्याचे श्रम वाचवले, हे त्यांचे लेखनकौशल्य. निर्णयनोंद आधी मराठीत लिहून विचार पक्का करणे आणि मग साध्या, तुटक का होईना पण नेमक्या इंग्रजीत ती नेणे, ही पद्धत पूर्णतः प्रतिष्ठेची मानली पाहिजे. भाषांतराच्या याच कामात भाषाप्रारूपांची साधने खरी उपयोगी पडतात, कारण निर्णयामागचे कारण तेथे आधीच लिहिलेले असते आणि लेखक ते पडताळू शकतो. दुसरी गोष्ट अशी की, खाडीपट्ट्यातील इशारा वाचणारा माणूस मराठीच वाचणार आहे. त्याच्यासाठी ‘पातळीने मर्यादा ओलांडली’ असे न लिहिता कोणत्या वाडीने, किती वाजेपर्यंत, कोठे जावे हे लिहिणे, हे त्या प्रणालीतील सर्वांत अवघड तांत्रिक लेखन आहे, आणि ते करण्यास या भागाची माहिती असलेला मराठी डेव्हलपर इतर कोणापेक्षाही अधिक समर्थ आहे. मात्र रिव्ह्यू करणाऱ्यांनी भाषेची चूक आणि विचाराची चूक यांत भेद करावा, ही अपेक्षा संस्थेकडून पूर्ण झाली नाही, तर शंकाकारांची भीती खरी ठरेल.

शंकाकार : चर्चा शेवटी संस्थेपाशी आली, आणि मूळ अडचणही तेथेच आहे. आज लिहिलेले उद्या खरे कसे राहणार? समर्थक म्हणतील, कोडमधील प्रत्येक बदलासोबत लेखनातील बदल अनिवार्य करावा. पण एरियानचा अपघात पुन्हा पाहावा : तेथे कोड बदललाच नव्हता, बाण बदलला होता. २०२१ च्या पुरानंतर सावित्रीच्या पात्रातील गाळ काढण्याचे काम हाती घेतले गेले. पात्र बदलले की पाणी चढण्याचा वेग बदलू शकतो, आणि तीस मिनिटांमागचे काळजीपूर्वक लिहिलेले कारण, कोडची एकही ओळ न बदलता, खोटे ठरू शकते. ज्या बदलाची नोंद कोडच्या इतिहासात कोठेच होत नाही, तो लेखनात कोण आणणार?

समर्थक : या आक्षेपापुढे आधीची भूमिका सुधारावी लागते. कारण नोंदवणे पुरेसे नाही. ते कारण केव्हा संपुष्टात येईल, हेही त्याच्याशेजारी नोंदवले पाहिजे. ‘पात्राची खोली अथवा मोजपट्टीची जागा बदलल्यास हा आकडा पुन्हा ठरवावा’ हे वाक्य म्हणजे लेखनाने स्वतःच्या वैधतेवर घातलेली अट होय. गणेश दैवज्ञांनी असेच काही केले होते. जुन्या सिद्धान्तांनी काढलेली ग्रहस्थाने आकाशाशी जुळेनाशी झाली होती, म्हणून कोणत्या ग्रहाचे गणित कोणत्या पक्षाच्या, म्हणजे परंपरेच्या, ग्रंथाप्रमाणे घेतले असता वेधाशी जुळते, हे त्यांनी आपल्या ग्रंथात नमूद केले. वेध म्हणजे प्रत्यक्ष निरीक्षण. ग्रंथाचा आधार काय आणि तो कशावर पारखावा, हे त्यामुळे पुढच्या वाचकाला कळले.

शंकाकार : आणि तरीही महाराष्ट्रातील अनेक पंचांगे पुढे शतकानुशतके ‘ग्रहलाघवा’वरूनच होत राहिली, आकाश पुढे सरकत असताना. केरो लक्ष्मण छत्रे यांनी १८६० मध्ये ‘ग्रहसाधनाची कोष्टके’ प्रसिद्ध करून प्रत्यक्ष आकाशाशी जुळणाऱ्या गणिताची बाजू घेतली, तेव्हाही ती सहज स्वीकारली गेली नाही. मूळ ग्रंथकाराने वेधाचा निकष लिहून ठेवला होता. पण ग्रंथ इतका सोयीचा होता की वाचकांनी निकष सोडला आणि रीती तेवढ्या धरल्या. लेखन जितके उत्तम, तितका वाचक त्याच्यावर निर्धास्त विसंबतो. तर मग चांगल्या लेखनाने तपासणीची वृत्ती मंदावते, असा निष्कर्ष काढावा काय?

समर्थक : तसा निष्कर्ष काढण्यापूर्वी आणखी एक पुरावा विचारात घ्यावा. चाळीसगावजवळच्या पाटण येथे भास्कराचार्यांचे नातू चांगदेव यांनी आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ स्थापला आणि त्यासाठी मिळालेल्या दानांची नोंद तेथील १२०७ च्या शिलालेखात आहे. ग्रंथ लिहून काम संपत नाही, तो वाचणारी, शिकवणारी माणसे आणि त्यांचा खर्च भागवणारी व्यवस्था लागते, हे तेव्हाच्या लोकांनी ओळखले होते. आजच्या कंपनीत किंवा शासकीय प्रकल्पात नवी सोय लिहिणाऱ्याला बढती मिळते आणि जुनी नोंद खरी आहे काय हे पाहणाऱ्याला काहीच मिळत नाही. अशा ठिकाणी डेव्हलपरच्या कौशल्याला मर्यादा पडणारच. पण त्या मर्यादेच्या आतही जो डेव्हलपर कारण आणि त्याची मुदत लिहून ठेवतो, तो पुढच्या परीक्षकाला तपासण्यासारखे काही देतो. जेथे काहीच लिहिलेले नाही, तेथे आकाश सरकले हे कळले, तरी काय दुरुस्त करावे ते कळत नाही. छत्रे यांना जुन्या गणिताची आकाशाशी तुलना करता आली, कारण ते गणित लिहिलेले होते.

शंकाकार : म्हणजे आरंभीच्या दोन्ही भूमिका आता तशा उरलेल्या नाहीत. कोडच पुरेसा आहे असे म्हणता येत नाही, कारण तो ज्या अटींवर बरोबर असतो त्या अटी त्याच्यात नसतात. आणि लेखन सुधारले की प्रश्न सुटतो असेही म्हणता येत नाही, कारण त्या अटी मोडल्या आहेत काय हे पाहणारा माणूस लेखनातून निर्माण होत नाही. डेव्हलपरने कारण, मर्यादा आणि मुदत लिहायला शिकावे, एवढे मान्य. पण पावसाळ्यापूर्वी ती नोंद काढून नदीच्या नव्या पात्राशी ताडून पाहण्याची जबाबदारी डेव्हलपरची, त्याच्या संस्थेची, प्रणाली विकत घेणाऱ्या शासनाची, की ज्यांच्या दारात पाणी येते त्या गावांची, हे अद्याप कोणी ठरवलेले नाही.

समर्थक : ते लेखकाने एकट्याने ठरवायचे नाही, हे खरे, परंतु ते ठरलेले नाही ही गोष्टसुद्धा नोंदीत लिहिता येते. नोंदीच्या शेवटी ‘या आकड्याची फेरतपासणी कोणी करावी हे निश्चित झालेले नाही’ असे वाक्य लिहिण्यास धैर्य लागते, कारण ते लिहिणाऱ्याच्या संस्थेला अडचणीचे असते. ते वाक्य लिहिण्याची मुभा डेव्हलपरला आहे काय, आणि लिहिल्यावर ते वाचणारा कोणी आहे काय, या दोन प्रश्नांपर्यंत तांत्रिक लेखनाची चर्चा नेल्याशिवाय ती पूर्ण होत नाही.